थोरली, धाकटी आणि आमचा मामा

आमच्या मामाचं कुठलीही गोष्ट एकदा सांगून भागायचं नाही. घरात चहाचा शेवटचा कप उरला की तो कप वर धरून म्हणायचा, "चहा एक वार... चहा दोन वार..." आणि थांबायचा. सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघून घ्यायचा. कुणी हात पुढे केला तर कप त्याचा, नाही केला तर "तीन वार!" म्हणून स्वतः पिऊन टाकायचा. पाहुण्यांकडे, लग्नाच्या पंगतीत शेवटच्या जिलबीला, कुठेही हेच. शहरातल्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ चेष्टा करतोय. लासलगावकडचा माणूस मात्र लगेच विचारायचा, "मामा, कुठल्या बाजाराला पुकारता?"

मामा कांद्याच्या एका उपबाजारात लिलाव पुकारायचा. ट्रॅक्टरांच्या रांगेतून मामा पुढे आणि व्यापाऱ्यांचा घोळका मागे, अशी ती मिरवणूक चालायची. कुणी ट्रॉलीतून मूठभर कांदे उचलून दाबून बघतोय, कुणी डोळ्यानंच बोली वाढवतोय, आणि मामाचं तोंड भात सडायच्या गिरणीसारखं अखंड चालू. लोक त्याचा पुकारा ऐकायला यायचे असं मी म्हणणार नाही. लोक कांदा विकायलाच यायचे. पण परत जाताना आपला कांदा मामानं पुकारला हे घरी सांगायचे, एवढं खरं.

त्याचं एक वैशिष्ट्य होतं. दोन वार म्हटल्यावर तीन वार म्हणायच्या आधी तो एक श्वास घ्यायचा. तो श्वास शेतकऱ्याचा. तेवढ्या वेळात ट्रॉलीवर बसलेल्या माणसानं हात वर केला, की सौदा मोडला, माल परत. घाईतले व्यापारी कुरकुरायचे. मामा म्हणायचा, "चार महिने राबला तो. ईचार करायला एक श्वास तरी देशाल का नाय?" वाचकांनी हा श्वास जरा लक्षात ठेवावा. पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

मामाला आजार होता. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणायचे, मामा 'तेजी-मंदी' म्हणायचा, आणि आमच्या अख्ख्या खानदानात मामाचंच नाव रूढ झालं. मंदी आली की मामा भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि समोरचा चहा गार झाला तरी एक वारसुद्धा म्हणायचा नाही. तेजी आली की झोप बंद आणि बोलणं चालू. तरुणपणी अशा दोन-चार फेऱ्या येऊन गेल्या होत्या. अंगारे-धुपारे झाले, कुणाची तरी नजर लागली असंही ठरलं, आणि मग आपोआप बरं वाटलं म्हणून सगळे विसरून गेले.

मोठी तेजी आली ती नेमकी कांद्याला भाव चढलेले असताना. आता पुकारणारा माणूस भराभर बोलतोय, झोपत नाही, कुणाचं ऐकत नाही, दमत तर मुळीच नाही, ही आजाराची लक्षणं आहेत असं कांद्याच्या बाजारात कोण म्हणणार? तिथे याला सीझन म्हणतात. उलट बाजार समितीच्या सचिवांनी मामाची पाठ थोपटली. मामा आधी ट्रॉलीतला कांदा विकायचा, मग एके दिवशी कांद्याबरोबर ट्रॉली विकली, मग ट्रॅक्टर, मग ट्रॅक्टरवर बसलेला ड्रायव्हर. लोक पोट धरून हसत होते. शेवटी लिंबाखाली लावलेली सचिवांची नवीकोरी मोटरसायकल पुकारली आणि व्यापाऱ्यांनी सवयीनं बोली लावली. सटाण्याकडचा एक व्यापारी तर "गाडी मनी शे, पावती फाडा!" म्हणून, गाडी आता आपलीच असं धरून, हटूनच बसला. सचिवांनी खिशातली किल्ली घट्ट धरली आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

मामी त्याला घेऊन नाशकात आमच्याकडे आली. आम्ही सिडकोत राहतो, मी अंबडला एका कंपनीत तपासणी खात्यात आहे. मामी कमी बोलणारी बाई. घरात एक पुकारणारा असला की दुसऱ्याला बोलायला जागा कुठून मिळणार? ती फक्त एवढंच म्हणाली, "बाजार उतरला तरी हे उतरंना."

कॉलेज रोडच्या एका मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे आम्ही त्याला नेलं. आत नंबर लागेपर्यंत मामानं बाहेरच्या खोलीतली लाकडी खुर्ची लिलावात काढली. एक आजोबा सुनेला घेऊन आले होते, त्यांनी बोली वाढवलीसुद्धा. बाई दारात उभ्या राहून थोडा वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "खुर्ची माझी आहे, मामा. मालकाला विचारलंत का?" मामा चपापला. मालकाला विचारल्याशिवाय माल विकणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं. तो निमूटपणे आत आला, आणि बाईंचा माणूस झाला तो कायमचा.

बाईंनी पहिली गोळी दिली ती ओलान्झापिन. तिनं मामाला झोप लावली. नुसती झोप नाही, कुंभकर्णानं तोंडात बोट घालावं अशी झोप. तेजी उतरली, डोळे निवळले, मोटरसायकलचा विषय निघाला की लाजायला लागला. आणि त्याबरोबर भूक लागली. आमच्या आईनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, केलेल्या भाकरी टोपल्यातून कधी नाहीशा होतात ते कळायचं नाही. आईच्या हळदीकुंकवाला बायकांनी गंमत म्हणून मामाला नाव घ्यायला लावलं, तर तो पठ्ठ्या ताट पुढे करून म्हणाला,

"चाळीतल्या कांद्याला वाऱ्याची आस,
ओलान्झापिनचं नाव घेतो, वाढा अजून दोन घास!"

बायका हसून हसून बेजार झाल्या. मामीनं तिथल्या तिथे डोळे वटारले, पण तेव्हापासून त्या गोळीला बायकोचा मान मिळाला तो मिळालाच.

थोरलीनं, म्हणजे पुढे जिला आम्ही थोरली म्हणायला लागलो तिनं, मामाचा जीव वाचवला हे मला आधी सांगितलं पाहिजे. पण तिनं त्याला लोळवलंही. पोट वाढलं, साखर वाढली, पट्ट्याला नवी भोकं पाडून पाडून पट्टा संपला. आणि रांगेत उभा राहिल्यावर पुकारा ओल्या वातीसारखा फुरफुरायला लागला. दोन वार म्हणून मामा श्वासाला थांबला, की व्यापारी टपरीवर जाऊन चहा पिऊन यायचे, तरी तीन वार झालेले नसायचे. एकदा तर शेतकऱ्यानंच वरून आवाज दिला, "मामा, द्या आता! झाला माझा ईचार!" सचिव भले माणूस, त्यांनी नोकरी ठेवली, पण मामाला फाटकावर बसवलं. येणाऱ्या ट्रॅक्टरला नंबरची चिठ्ठी द्यायची, बस.

फाटकावर बसलेला मामा मी पाहिलाय. आतून दुसऱ्या कुणाचा पुकारा ऐकू आला की तो मान खाली घालून चिठ्ठ्या सारख्या करत बसायचा. घरी चहाचा शेवटचा कप कुणीही उचलला तरी काही म्हणायचा नाही. मला फार वाईट वाटायचं, आजही आठवलं की वाटतं. पुढच्या वेळी मामी बाईंपुढे बसली आणि म्हणाली, "मॅडम, माणूस बरा झालाय, पण मामा कुठं गेला?"

बाईंनी साखरेचा कागद पाहिला, मामाकडे पाहिलं आणि दुसऱ्या गोळीचा विषय काढला. अरिपिप्राझोल. मामानं लगेच विचारलं, "दोन्हीत सरस कोणती?" बाई म्हणाल्या, "कामाला दोन्ही चांगल्या. ही जास्त झोपवते, वजन-साखर वाढवते. ती वजनाला बरी, पण काहींना तिनं एका जागी बसवत नाही. कोणाला कोणती मानवेल, ते घेऊन बघितल्याशिवाय मला सांगता येत नाही." मामानं दोन्ही गोळ्या तळहातावर मागून घेतल्या, नमुना बघावा तशा बोटानं फिरवल्या आणि म्हणाला, "बरोबर हाय. कांदा सगळा कांदाच, पण टिकंल का सडंल ते साठवायच्या चाळीवर हाय." बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी ते पुढे बऱ्याच पेशंटना सांगितलं म्हणे.

गोळी एकदम बदलायची नव्हती. एक हळूहळू कमी करायची, दुसरी हळूहळू वाढवायची. मामा म्हणाला, "म्हंजे काही दिवस दोघी एका घरात? मॅडम, लय भांडणं व्हतील!" अशा रीतीनं थोरली आणि धाकटी ही नावं पक्की झाली. मामी एवढंच म्हणाली, "आन् मी कितवी?" मामा म्हणाला, "तू घरमालकीण. या दोघी भाडेकरू." उत्तर मामीला पटलेलं दिसलं नाही.

या नावांनी एकदा भलतीच आफत आणली. निफाडहून येताना एसटीत मामा मला फोनवर मोठ्या आवाजात सांगत होता, "थोरली निस्ती खायला घालती आन् झोपवती, धाकटी आली तशी डोळ्याला डोळा नाय!" पुढच्या सीटवरची एक म्हातारी गर्रकन वळली आणि तिनं मामाची अशी काही खरडपट्टी काढली की कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. "लाज नाय वाटत? दोन-दोन करून वर रडतोय मेला! आन् ही कोण शेजारी, तिसरी?" मामी खिडकीबाहेर द्राक्षाच्या बागा बघत बसली. मामा पुढे कितीतरी वर्षं म्हणायचा, हिनं तेव्हा मुद्दाम तोंड उघडलं नाही.

धाकटीनं मामाला उठवलं. पोट उतरलं, आवाज फुटला, आणि मामा उभा राहिला तो बसेचना. गुडघे आपोआप नाचायचे. आमच्याकडे मुक्कामाला असताना त्यानं गॅलरीत इतक्या येरझारा घातल्या की खालचे देशमुख विचारायला आले, वर शिलाई मशीन घेतलं का? न्हाव्यानं त्याची अर्धी दाढी करून हात जोडले. एसटीत तर जागा मिळाली की मामा दोन मिनिटांत उठून कुणालातरी द्यायचा. त्यामुळे त्या रस्त्यावर देवमाणूस म्हणून त्याचा लौकिक झाला. म्हाताऱ्या बायका त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. त्यात ती खरडपट्टीवाली म्हातारीही होती असं मामा सांगायचा, पण ते मला खरं वाटत नाही.

आणि रांगेत हाच दोष गुण ठरला. लिलाव पुकारणाऱ्याला बसायचं असतं कुठे? सचिवांनी एक दिवस बघू तरी म्हणून त्याला फाटकावरून आत घेतलं आणि मामा रांगेच्या या टोकापासून त्या टोकाला असा गेला की दोन व्यापारी धापा टाकत मागे राहिले. बाजार खूश, सचिव खूश. मामानं आम्हाला पेढे पाठवले. बाईंनी विचारलं, "काही त्रास? झोप?" मामा म्हणाला, "झकास, मॅडम!" टेबलाखाली गुडघे ताशा वाजवत होते, त्यांच्यावर त्यानं पिशवी ठेवली होती. मामी शेजारी बसून पिशवीकडे बघत होती.

मामीला शंका आली ती चहावरून. शेवटचा कप उचलून मामा "एकवारदोनवारतीनवार" म्हणून मोकळा व्हायला लागला होता. कुणाचा हात पुढे यायच्या आत कप रिकामा. दुसऱ्या दिवशी डबा विसरल्याचं निमित्त करून ती बाजारात गेली आणि ट्रॅक्टरांच्या आड उभी राहून ऐकत राहिली. सगळे म्हणत होते, मामा काय पुकारतोय! एका ट्रॉलीवर एक म्हातारा शेतकरी होता. त्याला भाव पटला नाही, त्यानं हात वर केला. पण मामाचं तीन वार केव्हाच होऊन गेलं होतं आणि मिरवणूक पुढच्या ट्रॅक्टरला लागली होती.

संध्याकाळी मामी म्हणाली, "उद्या नाशकाला जायचं. मॅडमला सगळं सांगायचं." मी त्या दिवशी मामाकडेच मुक्कामाला होतो, म्हणून हे भांडण मला ऐकायला मिळालं. मामा पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. "काय सांगू? त्या मला परत थोरलीकडं धाडतील! परत फाटकावर बसू? चिठ्ठ्या वाटू? मेलो तरी चालंल, रांग सोडायचो नाय मी!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पाय थांबत नव्हते. मामी शांतपणे म्हणाली, "अहो, त्या म्हाताऱ्याचा हात वरच राहिला. तुम्ही बघितला पण नाय."

मामा उभ्याचा खाली बसला. धाकटी आल्यापासून तो इतका वेळ एका जागी बसलेला मी पाहिला नव्हता. गुडघे नाचत होते, पण तो बसून राहिला. मग म्हणाला, "कोण व्हता म्हातारा? गाव कंचं?" मामीनं बाजारातच विचारून ठेवलेलं गाव सांगितलं. सकाळी नाशकाला निघायच्या आधी मामा त्या गावाला गेला, म्हाताऱ्याच्या पाया पडला, आणि मगच दवाखान्यात आला.

बाईंपुढे त्यानं पिशवी गुडघ्यांवरून काढून खाली ठेवली. बाईंनी पाहिलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. "पाय थांबत नाहीत हे गोळीमुळे असतं, मामा, त्याला उपाय असतो! आणि झोप कमी झाली ते तर पहिल्या दिवशी सांगायचं." मग त्यांनी धाकटीचा डोस कमी केला, ती सकाळच्या वेळेला नेली, पायांसाठी एक छोटी गोळी जोडली आणि झोप जागेवर येईपर्यंत थोरलीला थोडे दिवस पाहुणी म्हणून परत बोलावलं. फाटकाचं नावही काढलं नाही. मामा ज्याला घाबरत होता ते बाईंच्या मनातसुद्धा नव्हतं.

त्यानंतर बाई तपासणीला मामाला वजन विचारायच्या, साखर विचारायच्या, आणि मग मामीकडे वळून म्हणायच्या, "श्वास?" मामी बोटांनी दाखवायची. थोरलीच्या काळात तो अख्खा कपभर होता. धाकटीच्या भरात थेंबभरही नव्हता. हळूहळू तो चहाच्या एका घोटाएवढा झाला, आणि मामी म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या एवढाच." बाईंनी डोस तिथेच ठेवला.

मामानं त्यानंतर निवृत्त होईपर्यंत रांग पुकारली. मधे एक छोटी मंदी येऊन गेली, एकदा तेजीनं दार वाजवलं, पण दोन्ही वेळा मामीनं चहाच्या कपावरून ओळखलं आणि दोन्ही वेळा मामा स्वतःहून नाशकाच्या एसटीत बसला. रोज सकाळी मामी तांब्या घेऊन समोर उभी राहायची. "गोळी एक वार... गोळी दोन वार..." मामा हात वर करून सौदा मोडल्यासारखं करायचा, मामी डोळे वटारायची, आणि तीन वारला गोळी पोटात. पाहुण्यांना हा खेळ वाटायचा. नात्यात कुणाला असा आजार निघाला की लोक मामाला फोन करून विचारायचे, "तुमची कोणती गोळी, आम्हीपण तीच चालू करू." मामा खवळायचा. "शेजाऱ्याची चाळ बघून कांदा भरतो का रं? डॉक्टरला इचार. आन् पिशवी ठिवू नको गुडघ्यावर."

गेल्या उन्हाळ्यात, कांदा चाळीत भरून झाल्यावर, दुपारी जेवून मामा आडवा झाला आणि हृदय बंद पडून गेला. अंत्ययात्रेला ट्रॅक्टर आले होते, ते आपोआप रांगेत लागले. तो म्हाताराही आला होता. मला रडू आवरत नव्हतं, आणि मी ते आवरलंही नाही.

तेराव्यानंतर मामी नाशकात आली ती थेट दवाखान्यात चल म्हणाली. मला वाटलं, हिला बरं नाही. बाहेरच्या खोलीत ती लाकडी खुर्ची होती तिथेच होती. मामी तिच्यावर बसली नाही, उभीच राहिली. बाईंनी तिला आत घेतलं, स्वतः उठून जवळ आल्या, हात हातात घेतला. मामीनं हात सोडवून पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांची एक पट्टी होती, निम्मी रिकामी, निम्मी भरलेली. इतकी वर्षं त्या नावांवरून नाक मुरडणाऱ्या मामीनं ती पट्टी टेबलावर ठेवली, लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली,

"घ्या मॅडम, तुमची धाकटी. लय चांगली नांदली."